‘थांबा’ ह्या संकेताचे स्थलांतर : ब्लूटूथवरील सीरियल सॉकेट-जोडणी आणि प्रवाहनियंत्रण

दोन यंत्रे परस्परांशी बोलू लागली की त्यांच्यापुढे दोन प्रश्न उभे राहतात. कोणत्या खुणेने काय सांगावयाचे, हा पहिला. आणि ऐकणाऱ्याची शक्ती संपली असता बोलणाऱ्यास ते कळावयाचे कसे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाची चर्चा संकेतलिपींच्या इतिहासात पुष्कळ आढळते. दुसरा मात्र बहुधा अभियांत्रिकीचा किरकोळ तपशील म्हणून बाजूस सारला जातो. वस्तुतः तोही संकेताचाच प्रश्न आहे, आणि त्याला गेल्या साठ वर्षांत जी उत्तरे मिळाली त्यांतून ‘थांबा’ ह्या एका साध्या अर्थाचे विलक्षण स्थलांतर दृष्टीस पडते. ह्या व्यवस्थेस प्रवाहनियंत्रण म्हणतात. ब्लूटूथच्या सीरियल जोडणीवर सॉकेटच्या द्वारे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यास आज ज्या अडचणी भेडसावतात, त्यांपैकी बऱ्याच अडचणींचे मूळ ह्या स्थलांतरात आहे. अक्षरे नाहीशी होतात आणि कोणाचीच चूक सापडत नाही, असा प्रकार घडतो तो ह्याचमुळे.

तारायंत्राच्या काळी दोन्ही टोकांस माणसे होती. मोर्सच्या पद्धतीत ‘आता बोला’ असे सुचविण्यासाठी ‘के’ हे अक्षर वाजवीत, आणि ‘जरा थांबा’ असे सांगण्यासाठी ‘ए’ व ‘एस’ ही दोन अक्षरे मध्ये खंड न पाडता एकत्र जोडून वाजवीत. हा खंडाचा अभाव महत्त्वाचा आहे. त्यामुळे जी नादाकृती तयार होते ती मजकुरातील ‘ए’ आणि त्यापुढील ‘एस’ ह्यांच्याशी कधीच एकरूप होत नाही. मजकुराची अक्षरे निराळी आणि मजकुराविषयीची आज्ञा निराळी, हा भेद त्या पद्धतीने घडणीतच राखला होता. पुढील यंत्रयुगाने हाच भेद प्रथम गमावला.

१९६३ साली अमेरिकेत अ‍ॅस्की ही सात बिटांची प्रमाण संकेतावली प्रसिद्ध झाली. तीत अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे ह्यांच्या जोडीला यंत्रास उद्देशून काही स्थाने राखून ठेवली होती. त्यांपैकी १७ ते २० ही चार स्थाने जोडउपकरणांच्या नियंत्रणासाठी होती. त्याच वर्षी टेलिटाइप कंपनीचे मॉडेल ३३ हे यंत्र बाजारात आले. सेकंदाला दहा अक्षरे हा त्याचा वेग. त्याला कागदी फीत वाचणारे एक उपांग जोडता येत असे. दूरच्या संगणकाने १७ क्रमांकाची खूण पाठविली की फीत चालू व्हावी आणि १९ क्रमांकाची खूण पाठविली की ती थांबावी, अशी योजना होती. ह्या दोन खुणांस एक्स-ऑन आणि एक्स-ऑफ अशी नावे पडली. रोमन वर्णमालेत ‘क्यू’ हे सतरावे आणि ‘एस’ हे एकोणिसावे अक्षर. म्हणून ह्या खुणा कळफलकावर कंट्रोल-क्यू आणि कंट्रोल-एस अशा उमटतात. आजही लिनक्सच्या टर्मिनलवर एखाद्याने अजाणता कंट्रोल-एस दाबले तर पडदा गोठल्यासारखा होतो आणि नवशिका विद्यार्थी यंत्र बिघडले असे समजतो. वास्तविक त्याने केव्हाच इतिहासजमा झालेली फीत थांबविलेली असते.

आरंभी ही आज्ञा होती, आणि ती संगणकाकडून उपकरणास जात असे. पडद्याची टर्मिनले आल्यावर तिची दिशा उलटली. टर्मिनलचे साठवण भरत आले की तेच संगणकास ‘थांब’ म्हणू लागले, आणि आज्ञेची विनंती झाली. हा बदल निमूटपणे पचला; अडचण आली ती निराळ्याच बाजूने. १९ ही खूण मजकुराच्याच प्रवाहातून, मजकुराच्याच वर्णमालेतून जाते. साधे इंग्रजी लिखाण पाठविताना तीत अडचण नव्हती, कारण कोणत्याही वाक्यात १९ क्रमांकाचे अक्षर येत नाही. परंतु चित्र, प्रोग्रॅम किंवा मोजणीचे आकडे पाठवावयाचे झाले की कोणतीही संख्या कोठेही येऊ शकते. मग मजकुरातील १९ हा आकडा आहे की ‘थांबा’ ही आज्ञा आहे, हे घेणाऱ्याने ओळखावयाचे कसे? शब्द वापरणे आणि शब्दाचा उल्लेख करणे ह्यांतील भेद तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यास परिचित आहे. येथे तोच भेद तारेवर प्रत्यक्ष अवतरला, आणि तो न राखल्यामुळे यंत्रे खरोखरच अडकून पडू लागली. १९८१ साली कोलंबिया विद्यापीठात तयार झालेल्या करमिट ह्या प्रोटोकॉलने त्यावर वैयाकरणास शोभेल असा उपाय केला. अशी प्रत्येक नियंत्रक खूण बदलून तिच्यापूर्वी एक विशिष्ट चिन्ह ठेवावयाचे. म्हणजे अवतरणचिन्हच म्हणावयाचे. उपाय निर्दोष होता, परंतु दोन्ही टोकांनी तो पाळला तरच.

दुसरा मार्ग असा की, आज्ञेसाठी तारच स्वतंत्र ठेवावी. १९६० साली आरएस-२३२ हे प्रमाण अमेरिकेत निघाले, आणि त्याची १९६९ ची ‘सी’ आवृत्ती दीर्घकाळ सर्वमान्य राहिली. त्यात मजकुराच्या तारांखेरीज ‘आरटीएस’ आणि ‘सीटीएस’ अशा दोन तारा आहेत. पहिलीच्या नावाचा अर्थ ‘पाठविण्याची विनंती’, आणि दुसरीच्या नावाचा ‘पाठविण्यास मोकळीक’. त्या काळचे कित्येक मोडेम एका वेळी एकाच दिशेने बोलू शकत. म्हणून टर्मिनलने पहिली तार उंचावून ‘मला बोलावयाचे आहे’ असे सुचवावे, मोडेमने आपली वाहकलहर चालू करावी, आणि ती स्थिर झाल्यावर दुसऱ्या तारेने ‘बोला’ म्हणावे, असा क्रम होता. ह्या व्यवस्थेत टर्मिनलला थांबविण्याची सोय होती. परंतु मोडेमला ‘आता पुरे’ असे सांगण्यासाठी टर्मिनलजवळ तार नव्हती.

पुढे दोन्ही दिशांनी एकाच वेळी बोलणारे मोडेम आले आणि ‘बोलावयाचे आहे’ हे सांगण्याचे प्रयोजनच उरले नाही. तार मात्र शिल्लक होती. वेगवान मोडेम स्वतःच मजकूर आकुंचित करू लागले व चुका सुधारू लागले. तेव्हा संगणक ते मोडेम हा वेग आणि मोडेम ते मोडेम हा वेग ह्यांत फरक पडला, आणि दोन्ही बाजूंस थांबविण्याची गरज तीव्र झाली. तिकडे संगणकाची बाजूही फारशी सबळ नव्हती. १९८१ च्या आयबीएम पीसीमधील ८२५० ही चकती आलेले एकच अक्षर सांभाळू शकत असे. ९६०० बॉडच्या वेगाने एका सेकंदात ९६० अक्षरे येतात. म्हणजे जेमतेम एक सहस्रांश सेकंदात ते अक्षर उचलले नाही, तर पुढचे अक्षर त्यावर येऊन पडे. म्हणून रिकाम्या पडलेल्या आरटीएसच्या तारेस नवा अर्थ मिळाला : ‘मी ऐकावयास सिद्ध आहे’.

शब्दार्थाच्या इतिहासात अर्थविस्तार, अर्थसंकोच, अर्थापकर्ष असे प्रकार सांगतात. येथे त्याहूनही विरळा प्रकार घडला. नाव तेच, जागा तीच, विजेचा दाब तोच. परंतु बोलू इच्छिणाऱ्याची खूण ही ऐकू इच्छिणाऱ्याची खूण झाली. अर्थाने चक्क पाठ फिरविली. आंतरराष्ट्रीय व्ही.२४ शिफारशीत नव्या अर्थाला ‘ग्रहणास सिद्ध’ असे स्वतंत्र नाव व १३३ हा स्वतंत्र क्रमांक देण्यात आला. तथापि व्यवहारात लोक जुनेच नाव वापरीत राहिले, आणि आजही वापरतात. पाठ्यपुस्तकात ‘पाठविण्याची विनंती’ असे वाचून त्या तारेचे कार्य समजून घेऊ पाहणारा विद्यार्थी गोंधळतो; तो दोष त्याच्या बुद्धीचा नव्हे.

ब्लूटूथचा उगम १९९४ साली स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत झाला. तारेची जागा जवळच्या पल्ल्याच्या रेडिओने घ्यावी, हा हेतू होता. १९९८ साली एरिक्सन, इंटेल, आयबीएम, नोकिया आणि तोशिबा ह्यांचा संघ स्थापन झाला, आणि १९९९ साली पहिले प्रमाण प्रसिद्ध झाले. डेन्मार्कच्या दहाव्या शतकातील हॅराल्ड राजाचे उपनाव त्यास मिळाले ते विखुरलेल्यांस एकत्र आणणारा म्हणून. हे नाव तात्पुरते ठेवावयाचे होते. पण अशा नावांस आयुष्य लाभतेच.

जुन्या प्रोग्रॅमांना तार गेल्याचे कळूच नये, ह्यासाठी ‘आरएफकॉम’ हा स्तर रचण्यात आला. त्याचे काम रेडिओवर सीरियल पोर्टचा आभास निर्माण करणे हे होय. हा स्तर नव्याने न रचता जीएसएम दूरध्वनीसाठी केलेल्या ०७.१० ह्या युरोपीय प्रमाणाच्या आधारे उभारला गेला. ते प्रमाण एकाच सीरियल तारेवरून अनेक संभाषणे नेण्यासाठी होते. आरएफकॉममध्ये दोन उपकरणांत ६० पर्यंत संभाषणे एकाच वेळी चालू शकतात. येथे तारेच्या खुणांचे पुन्हा एकदा रूपांतर झाले. आरटीएसची तार उरली नाही. तिच्या स्थितीचे वर्णन करणारा एक लहान संदेश उरला, आणि त्यातील एका बिटाचे नाव ‘ग्रहणास सिद्ध’ असेच ठेवण्यात आले. व्ही.२४ ला व्यवहारात जे साधले नाही ते येथे निमूटपणे झाले. जी खूण प्रथम मजकुरातील अक्षर होती आणि नंतर स्वतंत्र तार झाली, ती आता मजकुराच्याच वाटेने, परंतु वेगळ्या लिफाफ्यातून जाऊ लागली. त्याच संदेशात ‘प्रवाह रोखा’ असे सांगणारा दुसरा एक बिट होता. ह्याखेरीज सर्व संभाषणे एकदम थांबविण्याची व पुन्हा चालू करण्याची आज्ञाही होती.

ही योजना कागदावर पुरेशी दिसते. रेडिओवर ती तोकडी पडली. ब्लूटूथच्या जाळ्यात एक मुख्य उपकरण व फार तर सात सक्रिय दुय्यम उपकरणे असतात. काळाचे ६२५ मायक्रोसेकंदांचे तुकडे पाडलेले असतात, आणि मुख्याने नाव घेतल्यावाचून दुय्यमाला बोलता येत नाही. म्हणजे ‘थांबा’ असे ओरडावयाचे तरी आपली पाळी येईतो वाट पाहावी लागते. आणि ती ओरड रेडिओत बिघडली तर पुन्हा ओरडावे लागते. मूळ ब्लूटूथचा एका दिशेचा कमाल वेग सेकंदास ७२३.२ किलोबिट, म्हणजे ९०,४०० बाइट होता. ‘थांबा’ पोहोचण्यास २० सहस्रांश सेकंद लागले असे धरले, तर तेवढ्यात सुमारे १,८०० बाइट वाटेत असतात. आरएफकॉमची एक फ्रेम, पूर्वी काही ठरले नसेल तर, कमाल १२७ बाइटांची असते. म्हणजे चौदा फ्रेमा ‘थांबा’ म्हटल्यावर दारात येऊन उभ्या राहणार. त्यांना जागा नसेल तर त्या टाकून द्यावयाच्या, किंवा खालच्या रेडिओ-स्तरावरील थांब्याचा बिट वापरून सगळीच जोडणी रोखावयाची. आणि मग एका मंद संभाषणापायी इतर सर्व संभाषणे खोळंबणार. आरएफकॉमच्या खालचा एल२कॅप हा स्तर त्या काळी प्रत्येक संभाषणास वेगळे थांबवू शकत नव्हता, म्हणून तिसरा मार्गही नव्हता.

२००१ सालच्या १.१ ह्या आवृत्तीने ह्यावर जो उपाय आणला तो ह्या इतिहासातील सर्वांत मोठा पालट होय. ‘थांबा’ ही खूणच रद्द झाली. तिच्या जागी अशी रीत आली की, ऐकणाऱ्याने आपल्याजवळ किती फ्रेमांची जागा आहे हे मोजून तितके परवाने आधीच द्यावयाचे. एक फ्रेम पाठविली की एक परवाना खर्च होतो, आणि परवाने संपले की बोलणारा आपोआप गप्प बसतो. संभाषण जुळविताना जी बोलणी होतात त्यांतच ही रीत दोघांस मान्य आहे काय हे ठरते. आरंभीच्या परवान्यांसाठी तीन बिट दिलेले असल्याने ते ० ते ७ असू शकतात. पुढे मजकुराच्या फ्रेमेसच एक बाइट जोडून एका वेळी २५५ पर्यंत नवे परवाने पाठविता येतात. मजकूर नसलेली, केवळ परवाने नेणारी फ्रेम परवाना खर्च करीत नाही. तसे नसते तर दोन्ही बाजू परवान्याअभावी परवाना देऊ शकल्या नसत्या. ही रीत एकदा ठरली की सर्व संभाषणे थांबविण्याची जुनी आज्ञा वापरावयाची नाही आणि ‘प्रवाह रोखा’ हा बिट निरर्थक समजावयाचा, असेही प्रमाणात स्पष्ट सांगितले आहे.

इंग्रजीत ह्या परवान्यास ‘क्रेडिट’ म्हणतात. त्याचे मराठीत ‘पत’ असे भाषांतर करण्याचा मोह होईल, पण तो टाळावयास हवा. पत ही माणसाच्या विश्वासार्हतेवर ठरते. ती असली की मनुष्य जवळ नसलेलेही खर्च करू शकतो. येथे विश्वासाचा प्रश्नच नाही. एकेरी लोहमार्गावर पुढील स्थानकाच्या संमतीने यंत्रातून निघालेला गोळा हाती पडल्यावाचून गाडी हलवावयाची नाही, असा जो नियम आपल्याकडे होता, त्याच्याशी ह्या कल्पनेचे नाते अधिक जवळचे आहे. सिग्नल पाहून थांबणारा चालक आणि गोळ्यावाचून न निघणारा चालक ह्यांत फरक हा की, पहिल्याच्या बाबतीत खूण न दिसल्यास अपघात होतो आणि दुसऱ्याच्या बाबतीत केवळ उशीर होतो. ‘थांबा’ हरवले तर मजकूर हरवतो. परवाना उशिरा आला तर मजकूर उशिरा पोहोचतो. ही कल्पना ब्लूटूथची स्वतःची नव्हे. सर्फ आणि कान ह्यांच्या १९७४ च्या निबंधात, आणि पुढे १९८१ च्या टीसीपी प्रमाणात, घेणाऱ्याने आपली उपलब्ध जागा जाहीर करण्याची तजवीज होतीच. मात्र टीसीपी बाइट मोजते आणि आरएफकॉम फ्रेमा मोजते, हा भेद ध्यानी ठेवण्याजोगा आहे. एका बाइटाची फ्रेम आणि १२७ बाइटांची फ्रेम ह्यांस सारखाच एक परवाना लागतो. म्हणून अक्षर-अक्षर पाठविणारा प्रोग्रॅम आपले परवाने उधळून बसतो, आणि वेग का मिळत नाही म्हणून रेडिओस दोष देतो.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यास ह्यांतले काहीच दिसत नाही. १९८३ साली बर्कली येथील ४.२ बीएसडी ह्या प्रणालीने सॉकेट ही कल्पना रूढ केली. दूरच्या यंत्राशी बोलणे म्हणजे जणू फाइलीत लिहिणे, असा तिचा आशय होता. लिनक्समध्ये २००१ साली ब्लूझेड हा ब्लूटूथ-संच सामील झाला व त्याने आरएफकॉमला हेच रूप दिले. विंडोजमध्ये २००४ च्या एक्सपी सर्व्हिस पॅक २ पासून, आणि अँड्रॉइडमध्ये २००९ च्या २.० ह्या आवृत्तीपासून तशी सोय झाली. सॉकेट हे परवाने दाखवीत नाही, मागू देत नाही, मोजूही देत नाही. त्यांचा परिणाम तेवढा प्रोग्रॅमपर्यंत पोहोचतो, आणि तोही दोनच रूपांनी. सॉकेट थांबणाऱ्या प्रकारचे असेल, तर लिहिण्याची आज्ञा परत येत नाही. प्रोग्रॅम तेथेच निजून राहतो. न थांबणाऱ्या प्रकारचे असेल, तर १०,००० बाइट दिले असता ‘४,००० घेतले’ असे उत्तर येते, किंवा ‘आता घेतल्यास थांबावे लागेल’ अशा अर्थाची त्रुटी येते. उरलेले ६,००० सांभाळून ठेवणे आणि पुन्हा जागा झाली की पाठविणे, हे प्रोग्रॅमचे काम. ते न करणारा प्रोग्रॅम जवळच्या दोन टेबलांवर उत्तम चालतो आणि मध्ये भिंत आली की मजकुराचे तुकडे गाळू लागतो.

थांबणाऱ्या सॉकेटचा धोका निराळा आहे. दोन्ही टोकांचे प्रोग्रॅम एकाच वेळी लांबलचक मजकूर लिहू लागले आणि लिहून होईपर्यंत वाचावयाचे नाही असे दोघांनीही ठरविले असेल, तर दोन्हीकडची साठवणे भरतात, नवे परवाने कोणीच देत नाही, आणि दोघेही कायमचे निजतात. ह्यात एकही बाइट हरवत नाही, एकही नियम मोडत नाही. अँड्रॉइडच्या ब्लूटूथ-सॉकेटात तर न थांबणारा प्रकारच नाही. म्हणून वाचनासाठी स्वतंत्र धागा ठेवावा असे जे सांगतात, त्यास शिष्टाचार न समजता अनिवार्य गरज समजावे.

ह्याहून खोल गैरसमज ‘४,००० घेतले’ ह्या उत्तराविषयी आहे. घेतले कोणी? दूरच्या प्रोग्रॅमने नव्हे, तर आपल्याच यंत्राच्या प्रणालीने, आपल्याच साठवणात. तेथून ते रेडिओच्या चकतीकडे जावयाचे, आणि तेथेही चकती किती पाकिटे रिकामी झाली हे मोजून कळविते, म्हणजे तेथेही एक परवान्याची पद्धत आहे. मग हवा, मग पलीकडची चकती, पलीकडची प्रणाली, आणि शेवटी पलीकडचा प्रोग्रॅम. पेटीत पत्र पडल्याचा आवाज म्हणजे पोचपावती नव्हे. तरीही कित्येक प्रोग्रॅम शेवटचा तुकडा लिहून तत्काळ सॉकेट बंद करतात आणि काम झाले असे पडद्यावर जाहीर करतात.

पलीकडे संगणक नसून एखादे लहान उपकरण असेल, तर आणखी एक पायरी वाढते. प्रयोगशाळांतून विद्यार्थी वापरतात त्या एचसी-०५ सारख्या पट्टिकेवर रेडिओ संपतो आणि पुन्हा खरीखुरी सीरियल तार सुरू होते. ह्या पट्टिकेस वीज, भूमी, देणे, घेणे व आणखी एकदोन खिळे असतात. आरटीएस आणि सीटीएस सामान्यतः बाहेर काढलेले नसतात. म्हणजे हवेतून परवान्यांचा कडेकोट बंदोबस्त, आणि शेवटच्या वीतभर तारेवर काहीच नाही. आर्डुइनो उनोच्या ग्रहण-साठवणात ६४ बाइट मावतात. ९६०० बॉडने ते सुमारे ६७ सहस्रांश सेकंदात भरते. तेवढा वेळ तो पंखा फिरविण्यात किंवा आकडे छापण्यात गुंतला, तर पुढची अक्षरे जातात. दूरध्वनीवरील प्रोग्रॅमला ह्याचा पत्ता लागत नाही, कारण त्याच्या दृष्टीने पट्टिकेने सर्व काही स्वीकारलेले असते आणि नवे परवानेही दिलेले असतात. येथे उपाय एकच : दोन्ही प्रोग्रॅमांनी आपसांत ठरवून, प्रत्येक तुकड्यास पलीकडच्या प्रोग्रॅमनेच पोच द्यावी आणि ती आल्यावाचून पुढचा तुकडा पाठवू नये. म्हणजे खालच्या स्तराने परवान्यांची जी पद्धत लपविली, तीच वरच्या स्तरावर पुन्हा उभारावयाची. ह्यात श्रमाची द्विरुक्ती आहे खरी. परंतु खालचे परवाने यंत्राच्या साठवणाविषयी बोलतात आणि वरची पोच प्रोग्रॅमच्या आकलनाविषयी बोलते. ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

अल्प विजेवर चालणारा ब्लूटूथचा नवा प्रकार २०१० साली आला, आणि त्यात आरएफकॉम नाही. सीरियल पोर्टचा आभास तेथे प्रत्येक उत्पादक आपापल्या रीतीने घडवितो, व त्या प्रत्येकाचे प्रवाहनियंत्रणही निरनिराळे असते. परवान्यांची पद्धत मात्र २०१३ च्या ४.१ ह्या आवृत्तीत एल२कॅप स्तरावर परत आली. तेथे परवाने ६५,५३५ पर्यंत देता येतात. आणि परवाना नसताना फ्रेम पाठविणाऱ्याची ती वाहिनीच तोडली जाते.